प्रमाण मुख कोणाचें ?

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेलों असतां तेथें चाललेलें एक बोलणें कानीं आलें. घरांतील सतरा वर्षांच्या कन्येचे खालचे दांत किंचित् एकमेकांवर चढलेले होते, म्हणून तिला दांतांना तार लावणाऱ्या डॉक्टरांकडे नेलें होतें. डॉक्टरांनीं बाजूनें घेतलेलें क्ष-किरणांचें छायाचित्र पुढें ठेवलें, त्यावर नाकाच्या टोंकापासून हनुवटीपर्यंत एक सरळ रेघ ओढली, आणि सांगितलें कीं, मुलीचे दोन्ही ओंठ ह्या रेघेच्या पुढें येतात. ते वास्तविक मागें असावयास पाहिजेत. तेव्हां चार उपदाढा काढून पुढचे दांत मागें घेतले म्हणजे चेहरा प्रमाणांत येईल. मुलीची आजी बरोबर होती. ती म्हणाली, “अहो डॉक्टर, आमच्या घरांत सगळ्यांची ठेवण अशीच आहे. माझी पाहा, हिच्या बापाची पाहा. पुढें म्हणजे कोणाच्या पुढें ?” डॉक्टर सज्जन होते. ते हसले आणि म्हणाले, “आजी, तें पुस्तकांत ठरलेलें असतें.”

आजीबाईंच्या प्रश्नास मिळालेलें हें उत्तर आमच्या मनांतून जाईना. पुस्तकांत ठरलेलें असतें हें खरें. पण पुस्तक आकाशांतून पडत नाहीं. तें कोणीतरी, कोठेंतरी, कोणाचे तरी चेहरे मोजून लिहिलेलें असतें. आणि ज्या पुस्तकाच्या आधारें एका मुलीचे चार निरोगी दांत काढावयाचे, त्या पुस्तकानें कोणाचे चेहरे मोजले होते असें विचारणें म्हणजे शास्त्रावर अविश्वास दाखविणें, असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून ह्या विषयाच्या मागें लागून जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. आम्ही दंतवैद्य नव्हे हें आरंभींच सांगितलेलें बरें.

वांकडेतिकडे दांत आणि जबडे यांना वळण लावणाऱ्या विद्येस ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. ह्या विद्येंत हाडें व दांत यांच्याइतकेंच त्यांवरील मांसाच्या व त्वचेच्या आवरणास महत्त्व दिलें जातें. कारण आरशांत कोणी आपलीं हाडें पाहत नाहीं. बाजूनें पाहिलें असतां कपाळ, नाक, ओंठ आणि हनुवटी मिळून जी वळणावळणाची रेषा दिसते, तिला आम्ही सोयीसाठीं मुखरेषा म्हणूं. ती मोजण्याच्या रीति पुष्कळ आहेत. वर सांगितलेली रेघ रिकेट्स नांवाच्या अमेरिकन तज्ज्ञाची. प्रौढ गोऱ्या माणसाचा खालचा ओंठ ह्या रेघेच्या सुमारें २ मिलिमीटर मागें असावा, आणि वरचा त्याहूनहि थोडा अधिक मागें असावा, असें त्याचें सांगणें. रीत इतकी सोपी कीं, तिच्यासाठीं क्ष-किरणांचीहि गरज नाहीं. एक पट्टी नाकाला व हनुवटीला टेकवली कीं कोणासहि घरबसल्या आपला निकाल लावून घेतां येतो. आम्हींहि तो लावून घेतला, आणि निकाल आमच्याविरुद्ध गेला.

ह्या रेघेकडे जरा निरखून पाहावें. तिचे दोन खुंट आहेत. एक नाकाचें टोंक आणि दुसरा हनुवटी. न्याय करावयाचा तो ओंठांचा. पण ओंठ जागचे हालले नाहींत तरी हे खुंट हालले कीं न्याय बदलतो. नाक उंच व पुढें आलेलें असेल आणि हनुवटी ठळक असेल तर रेघ ओंठांपासून दूर पुढें राहते, व चांगले भरदार ओंठहि तिच्या मागें सुखानें बसतात. पूर्व आशियांतील पुष्कळ लोकांत नाकाची उंची आणि हनुवटीचा पुढावा हीं दोन्हीं कमी असतात. तेथें तेच ओंठ रेघेला टेकतात किंवा ती ओलांडतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत पुढचे दांत बहुधा अधिक पुढें झुकलेले, ओंठ जाड व भरीव, आणि नाकाच्या तळाचा ओंठाशीं होणारा कोन लहान असतो. तेथें ती रेघ ओंठांच्या बरीच आंत पडते. आपल्या देशांत जीं मोजमापें झालीं त्यांत ओंठ गोऱ्यांच्या तक्त्याहून सामान्यतः थोडे पुढें आढळले. तात्पर्य, ‘ओंठ पुढें आहेत’ ह्या वाक्याचा अर्थ कित्येकदां ‘नाक बेताचें आहे’ एवढाच असतो; आणि नाक बेताचें म्हणून दांत काढावयाचे, हा न्याय ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

असा न्याय रूढ कसा झाला, हें कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. अठराव्या शतकांत पेट्रस कांपर (१७२२–१७८९) नांवाचा एक डच शरीरशास्त्रज्ञ होऊन गेला. चित्रकारांना निरनिराळ्या देशांतील माणसांचे चेहरे अचूक काढतां यावेत ह्या हेतूनें त्यानें एक मुखकोन कल्पिला. कानापासून नाकाच्या तळापर्यंत एक रेषा, आणि कपाळापासून वरच्या ओंठापर्यंत दुसरी. त्यांमधील कोन तो मोजी. प्राचीन ग्रीक मूर्तींत हा कोन १०० अंश, युरोपीयांत सुमारें ८०, आफ्रिकी माणसांत ७०, आणि ओरांगउटान वानरांत ५८, असें त्यानें मांडलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९१ सालीं प्रसिद्ध झाला. कांपर स्वतः सर्व मानवजात एकाच मूळापासून झाली असें मानणारा होता. परंतु ती चार मुखांची ओळ एकदां कागदावर उभी राहिल्यावर पुढच्या पिढ्यांनीं तिची शिडी केली. खालच्या पायरीवर वानर, वरच्या पायरीवर देव, आणि मधल्या पायऱ्यांवर आपण सर्व, आपापल्या नाकाप्रमाणें ! ह्यांत आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, सर्वांत वरची पायरी कोणाहि जिवंत माणसाची नव्हती. शंभर अंशांचा कोन संगमरवराचा होता. युरोपीय माणूससुद्धां त्या तक्त्यांत मूर्तीहून वीस अंश खालींच उभा होता.

तीच मूर्ति शतकभरानंतर दांतांच्या दवाखान्यांत आली. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात, त्या एडवर्ड अँगलनें १८९९ सालीं दांतांच्या बिघडलेल्या जुळणीचें जें वर्गीकरण केलें तें आजहि शिकविलें जातें. सुंदर मुख कसें असावें हें सांगतांना त्यानें आपल्या ग्रंथांत व्हॅटिकनमधील बेल्व्हेडीअरच्या अपोलोचा आदर्श पुढें ठेवला. ह्या मूर्तीचा मूळ शिल्पकार ग्रीक आणि आजची प्रत रोमन. तिच्या ओंठांशीं ओक्लाहोमाच्या रेड इंडियन मुलाचा किंवा आमच्या स्नेह्यांच्या कन्येचा संबंध काय, असें कोणी त्या काळीं विचारलें नसेल असें मात्र समजूं नये. विचारलें होतें, आणि तें एका चित्रकारानें. एडमंड वूर्पेल हा सेंट लुई येथील कलाशिक्षक अँगलचा मित्र होता. सर्व माणसांना लागू पडेल असा एकच सुंदर चेहरा सांगतां येणार नाहीं, असें त्यानें अँगलला समजावून दिलें. अँगलनें तें मानलें. आणि त्यावरून असा सिद्धांत काढला कीं, ज्याला त्याला निसर्गानें जितके दांत दिले तितके सर्व नीट जुळवून बसविले म्हणजे ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला जी शोभा शक्य आहे ती आपोआप येते. म्हणून दांत काढण्यास त्याचा कडवा विरोध असे.

आम्हांस हा सिद्धांत वाचून आनंद झाला होता. पण सत्य इतकें सोयीचें नसतें. अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड यानें गुरूच्या रीतीनें वर्षानुवर्षें काम केलें, आणि मग आपले रोगी पुन्हां तपासले. कित्येकांचे दांत पुन्हां वांकडे झाले होते. कित्येकांची तोंडें दाटीनें बसविलेल्या दांतांमुळें फुगल्यासारखीं दिसत होतीं. त्यानें अशा शंभर रोग्यांवर उपदाढा काढून नव्यानें उपचार केले, व ते लोकांपुढें मांडले. गुरूचें मत सोडण्यास जें धैर्य लागतें तें त्यानें दाखविलें, यांत शंका नाहीं. म्हणून दांत काढणें हेंच मुळीं पाप, असें म्हणण्याचा अधिकार कोणासहि उरलेला नाहीं. जागा अपुरी असेल तर कांहीं काढावेंच लागतें. प्रश्न निराळा आहे. जागा पुरेशी असतां, किंवा थोडकीच उणी असतां, केवळ मुखरेषेसाठीं दांत काढावयाचे तेव्हां किती मागें न्यावें हें कोण ठरविणार ?

हें ठरविण्याचें काम आंकड्यांनीं केलें. १९३१ सालीं अमेरिकेंत ब्रॉडबेंट यानें, आणि त्याच वर्षीं जर्मनींत होफ्राथ यानें, डोकें एका चौकटींत स्थिर धरून बाजूनें क्ष-किरण छायाचित्र घेण्याची पद्धति सिद्ध केली. आतां जिवंत माणसाची कवटी, दांत आणि मांसाची कड एकाच पटलावर दिसूं लागलीं, व मिलिमीटर आणि अंश मोजतां येऊं लागले. १९४८ सालीं शिकागोच्या डाउन्स यानें उत्तम दांतजुळणी असलेल्या मुलांमुलींचीं मोजमापें घेऊन पहिला सर्वमान्य तक्ता प्रसिद्ध केला. त्यांत मुलें होतीं वीस. वय बारा ते सतरा. आणि सर्व गोरीं. पांच वर्षांनीं कॅलिफोर्नियांतील स्टायनर यानें आपला तक्ता दिला, तोहि जगभर पसरला. त्याच्या आदर्श आंकड्यांमागें हॉलिवुडची एकच नवखी नटी होती, अशी एक आख्यायिका त्या व्यवसायांत सांगतात. ती खरी असो वा नसो, खुद्द त्या व्यवसायालाच ती सांगावीशी वाटली, ह्यांत त्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा थोडा पुरावा आहे.

डाउन्सला दोष देणें अन्यायाचें होईल. वीस मुलांचीं मोजमापें ह्याहून अधिक आहेत असें त्यानें कोठें म्हटलें नाहीं. दोष घडतो तो पुढें. ‘असें आढळलें’ ह्याचें ‘असें असावें’ होतें तें कोणाच्या लेखणीनें होत नाहीं. तें तक्ता एका देशांतून दुसऱ्या देशांत जातांना वाटेंत होतें. शिकागोंत जें वीस मुलांचें वर्णन होतें तें मुंबईच्या किंवा नैरोबीच्या विद्यार्थ्याच्या हातीं पडलें तेव्हां परीक्षेंतील बरोबर उत्तर झालें होतें. आणि बरोबर उत्तर एकच असल्यावर बाकीचे चेहरे चूक ठरणें ओघानेंच आलें. ज्या कृष्णवर्णी अमेरिकनाचे दांत एकमेकांवर अगदीं बिनचूक बसत होते, चावणें बोलणें सर्व ठीक होतें, तोहि त्या तक्त्याप्रमाणें ‘दोन्ही जबडे पुढें आलेला’ म्हणजे विकृत ठरे.

ह्यावर पहिला उपाय त्याच विद्येंतील लोकांनीं शोधला, हें त्यांच्या कीर्तीस साजेसें आहे. १९५१ सालीं कॉटन, टाकानो आणि वाँग ह्या तिघांनीं डाउन्सचीच रीत तीन निराळ्या समाजांना लावून पाहिली. कृष्णवर्णी अमेरिकन, अमेरिकेंत जन्मलेले जपानी, आणि चिनी. दांतजुळणी चांगली असलेलींच माणसें घेतलीं, तरी आंकडे डाउन्सच्या आंकड्यांशीं जुळेनात. मग देशोदेशीं अशीं मोजमापें सुरू झालीं. जपान, चीन, कोरिया, अरबस्तान, तुर्कस्तान, ह्या सर्वांचे आपापले तक्ते निघाले. उत्तर हिंदुस्थानांतील लोकांचा १९६९ सालीं निघाला. पुढें आपल्याकडे प्रांतवार, आणि महाराष्ट्रीयांचेहि निघाले. आमच्या स्नेह्यांच्या डॉक्टरांनीं ‘पुस्तकांत ठरलेलें असतें’ असें म्हटलें तेव्हां त्यांच्या कपाटांत हीं दुसरीं पुस्तकेंहि असावींत. पण हाताला सवय असते ती पहिल्या पुस्तकाची.

येथें लेख संपविला असता तर वाचकांचें व आमचें दोघांचेंहि समाधान झालें असतें. गोऱ्यांचें माप गोऱ्यांना, आपलें माप आपल्याला, अन्याय मिटला. आम्हांसहि प्रथम असेंच वाटलें. परंतु विचार करूं लागल्यावर हें ‘आपलें माप’ हातांत धरवेना. आपलें म्हणजे कोणाचें ? नाक मोजून माणसांचे गट पाडण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच देशांत होऊन गेलेला आहे. सर हर्बर्ट रिस्ले ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें नाकाची रुंदी व उंची ह्यांचें प्रमाण काढून त्यावर जातींची मांडणी केली. नाक जितकें रुंद तितकी जात खालची, असा जवळजवळ नियमच त्यानें १८९१ सालीं बंगालच्या जातींविषयीं सांगितला, आणि १९०१ च्या खानेसुमारीचा तोच प्रमुख असल्यामुळें ह्या कल्पनेस सरकारी वजन आलें. मुंबई विश्वविद्यालयाचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत तींच मोजमापें प्रांतवार लावून पाहिलीं, तों उत्तर हिंदुस्थानच्या मधल्या पट्ट्याबाहेर तो नियम टिकेना. त्यापुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळाविषयींच्या ग्रंथांत नाकांच्या ह्याच आंकड्यांचा आधार घेऊन दाखविलें कीं, हे आंकडे खरे मानले तर ब्राह्मण आणि अस्पृश्य हे निराळ्या वंशांचे ठरत नाहींत. ज्या पट्टीनें माणसें वेगळीं काढावयाचीं होतीं त्याच पट्टीनें तीं एकत्र आणून ठेवलीं.

आणखी एक आठवण मराठी वाचकांस प्रिय असणाऱ्या लेखिकेची आहे. इरावतीबाई कर्वे १९२८ ते १९३० ह्या काळांत बर्लिन येथें मानववंशशास्त्र शिकत होत्या. त्यांचे गुरु ऑयगेन फिशर. ज्यांचें वंशविषयक मत पुढें हिटलरच्या राजवटीच्या कामीं आलें तेच हे. कवट्यांच्या दोन बाजूंतील विषमता मोजण्याचें काम त्यांना मिळालें, आणि त्यांत गोऱ्या वंशाचें कांहीं वेगळेपण निघेल अशी गुरूची अपेक्षा होती. बाईंनीं कवट्या मोजल्या. तसें वेगळेपण निघालें नाहीं. आणि निघालें नाहीं असेंच त्यांनीं प्रबंधांत लिहिलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, पदवी ज्याच्या हातीं त्याच्यासमोर ! आम्हांस ह्या गोष्टीचें अप्रूप एवढ्याचसाठीं वाटतें कीं, मोजमाप करणारा मनुष्य प्रामाणिक असेल तर मोजमाप स्वतःच्या धन्याविरुद्धहि साक्ष देतें.

तेव्हां मोजमापाशीं आमचें भांडण नाहीं. भांडण आहे तें सरासरीला राज्यावर बसविण्याशीं. नाकाचा तळ आणि वरचा ओंठ ह्यांमधील कोनाचें उदाहरण घ्या. लेगन आणि बर्स्टोन यांच्या १९८० सालच्या प्रसिद्ध तक्त्यांत त्याची सरासरी १०२ अंश असून तिच्या पुढें-मागें ८ अंशांचा प्रमाण-विचलनाचा आंकडा जोडलेला आहे. गणिताच्या भाषेंत ह्याचा अर्थ असा कीं, त्या एकाच समाजांतील सुमारें दोन-तृतीयांश माणसें ९४ ते ११० ह्यांच्या दरम्यान कोठेंहि असतील, आणि उरलेलीं एक-तृतीयांश त्याहिबाहेर. दोन समाजांच्या सरासरींत जें अंतर निघतें तें कित्येकदां ह्या एका समाजाच्या पोटांतील अंतरापेक्षां लहान असतें. १९७२ सालीं रिचर्ड लेवॉन्टिन यानें रक्तगटांसारख्या आनुवंशिक लक्षणांवरून दाखविलें कीं, मनुष्यामनुष्यांतील एकंदर भिन्नतेपैकीं सुमारें ८५ टक्के ही कोणत्याहि एका लोकसमूहाच्या आंतच सांपडते. कातडीच्या रंगाचें मात्र तसें नाहीं; तो भूभागाप्रमाणें बदलतो, आणि डोळ्यांना प्रथम तोच दिसतो, म्हणून आपण इतर सर्व भेदहि तसेच असतील असें धरून चालतों. कवट्यांच्या मोजमापांत पुन्हां समूहाच्या आंतील भिन्नताच मोठी निघाली आहे.

मग ‘महाराष्ट्रीयांचें माप’ हें आमच्या स्नेह्यांच्या कन्येस कितपत उपयोगी ? शिकागोच्या मापापेक्षां बरें, हें निश्चित. पण कोंकणांतील एखाद्या घराण्याची, मेळघाटांतील कोरकूची आणि मराठवाड्यांतील शेतकऱ्याची सरासरी काढून जो चेहरा बनतो तो ह्यांपैकीं कोणाच्याच घरीं जेवावयास बसत नाहीं. अमेरिकेंत वाढलेल्या मराठी बापाच्या व चिनी आईच्या मुलास डॉक्टरनें कोणत्या तक्त्यापुढें बसवावें ? आणि ह्याहून कठीण गोष्ट म्हणजे समाजाचें माप हें कुंपणहि होऊं शकतें. एखाद्या कृष्णवर्णी तरुणीनें आपले ओंठ थोडे मागें घ्यावे अशी इच्छा दाखविली, आणि डॉक्टरनें तक्ता पाहून “तुमच्या लोकांत असेंच असतें” म्हणून तिला परत पाठविलें, तर तिच्यावर न्याय झाला काय ? पूर्वीं तिला सांगत होते, तूं गोऱ्यांसारखी हो. आतां सांगतात, तूं तुझ्यांसारखीच राहा. दोन्ही वेळीं तिला स्वतःला काय वाटतें हें विचारण्याचें राहूनच गेलें.

सौंदर्याच्या दृष्टीनेंहि हे तक्ते म्हणावे तितके स्थिर नाहींत. १९७० सालीं पेक बंधूंनीं अमेरिकेंत सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या, चित्रांत व नाटकांत नांवाजलेल्या बावन्न तरुण व्यक्तींचे चेहरे मोजले. तेव्हां लोकांना आवडणारें मुख हें तज्ज्ञांच्या प्रमाणाहून अधिक भरलेलें व पुढें आलेलें असतें असें आढळलें. पुढें १९९९ सालीं विसाव्या शतकांतील फॅशनच्या मासिकांतून गोऱ्या स्त्रियांचीं छायाचित्रें क्रमानें लावून पाहिलीं गेलीं, तों शतक सरत जातें तसतसे ओंठ भरदार व पुढें होत गेलेले दिसले. ज्या समाजाचें माप आपण उसनें आणलें त्यानें तें स्वतः केव्हांच बदललें होतें. आणि आमच्या जुन्या रसिकांना तर पिकल्या तोंडल्यासारखा ओंठच सुंदर वाटे. अजिंठ्याच्या भिंतींवरील मुखांत खालचा ओंठ किती भरीव आहे हें ज्यानें पाहिलें असेल त्यास अधिक सांगणें नको. मुलगी पाहावयास गेलेलीं आमचीं माणसें ‘नाकीं डोळीं नीटस’ म्हणत. त्या शब्दांतहि अन्याय पुष्कळ भरलेला होता, परंतु निदान ओंठ त्यांतून सुटले होते. आमच्या शिल्पशास्त्रांतहि मुखाचीं मापें होतीं. कपाळ, नाक आणि नाकाखालचा भाग प्रत्येकीं चार अंगुलें, असें बारा अंगुलांचें मुख. पण तीं मापें पाथरवटासाठीं होतीं. त्यांप्रमाणें कोणा जिवंत माणसाला ताशीत बसावें असें कोणत्याहि स्थपतीस सुचलें नाहीं. कॅनडांतील लेस्ली फारकस यानें युरोपांतील अशाच जुन्या कलाप्रमाणांची जिवंत तरुणांवर पट्टी लावून परीक्षा केली व १९८५ सालीं निष्कर्ष मांडला. बहुतेक चेहरे त्यांत बसेनात.

आतां खरा अवघड भाग. समजा, त्या मुलीनेंच म्हटलें, “मला माझे ओंठ आंत हवे आहेत,” तर ? चेहरा तिचा, आयुष्य तिचें. महाविद्यालयांत तिला कोणी चिडवीत असेल. लग्नाच्या बाजारांत तिला उभें राहावें लागेल अशी धास्ती तिला असेल. रोज दहा वेळां स्वतःचें छायाचित्र पाहण्याच्या ह्या काळांत तिला स्वतःची मुखरेषा आमच्या पिढीपेक्षां शंभरपट अधिक वेळां भेटत असेल. ह्या इच्छेला खोटी म्हणणारे आम्ही कोण ? ती इच्छा बाहेरून आली आहे असें म्हणणें सोपें आहे. पण कोणाची कोणती इच्छा बाहेरून आलेली नसते? आम्हीं मिशा ठेवल्या त्याहि कोणाला तरी पाहूनच. परकी इच्छा म्हणून ती धुडकावणारा सुधारक आणि परका चेहरा म्हणून तो दुरुस्त करणारा तज्ज्ञ, हे दोघेहि मुलीपेक्षां आपणांस अधिक कळतें असें मानतात.

तरीहि आम्हांस दोन गोष्टींत भेद करावासा वाटतो. “माझ्या ओंठांचें हें वळण मला आवडत नाहीं” असें म्हणणारी मुलगी, आणि “माझे ओंठ चुकीचे आहेत असें शास्त्र सांगतें” असें ऐकून घरीं आलेली मुलगी, ह्या एक नव्हेत. पहिली आपली आवड सांगते. तिच्याशीं बोलतां येतें, ती बदलूं शकते, वाट पाहूं शकते. दुसरीच्या हातांत निकालपत्र दिलेलें असतें. त्यावर तिनें काय बोलावें ? डॉक्टरांनीं जर म्हटलें असतें, “मला वाटतें हे ओंठ थोडे मागें गेले तर बरें दिसेल,” तर आजीबाईंनीं लगेच म्हटलें असतें, “मला नाहीं वाटत,” आणि दोन आवडींचा बरोबरीचा सामना झाला असता. पुस्तकाचें नांव पुढें केल्यामुळें एका बाजूला आवड राहिली आणि दुसऱ्या बाजूला सत्य बसलें. आम्हांस जो अपराध वाटतो तो हा. दांत काढणें हा नव्हे.

जेथें चेहऱ्याचा नव्हे तर शरीराच्या कामाचा प्रश्न आहे तेथें हा वाद लागूच होत नाहीं. विश्रांतींत ओंठ मिटत नसतील, मिटण्यासाठीं हनुवटीच्या स्नायूंना ताण द्यावा लागत असेल, पुढें आलेले दांत पडल्या-धडपडल्यावर तुटण्याचें भय असेल, घांस चावतां येत नसेल, तर त्यावर उपचार करणें हें वैद्याचें सरळ कर्तव्य आहे, मग रोगी शिकागोचा असो कीं सातारचा. तेथें ‘कोणापेक्षां पुढें ?’ असें विचारण्याचें कारण नाहीं; त्या माणसाच्या स्वतःच्या सुखापेक्षां पुढें, एवढें उत्तर पुरे.

केवळ रूपासाठीं दांत काढावयाचे तेव्हां मात्र आणखी दोन गोष्टी रोग्याच्या कानावर घातल्या पाहिजेत असें आम्हांस वाटतें. दांत जितके मागें जातात तितके ओंठ मागें जात नाहींत. किती जातील हें ओंठाच्या जाडीवर आणि ज्याच्या त्याच्या ठेवणीवर अवलंबून असतें, आणि मिलिमीटरचा हिशेब देणारा तक्ता येथेंच सर्वांत कच्चा ठरतो. दुसरें असें कीं, मुखरेषा ही वयाबरोबर चालणारी वस्तु आहे. तारुण्य सरल्यावरहि नाक थोडें थोडें वाढत राहतें, आणि ओंठ पातळ होऊन मागें बसतात. सतराव्या वर्षीं जी भरदार मुखरेषा रेघेच्या पुढें आहे ती पन्नाशींत तिच्या मागें गेलेली असणें अगदीं शक्य आहे, आणि सतराव्या वर्षींच जी सपाट केली तिचें पन्नाशींत काय होईल हें आरशापुढें बसलेल्या मुलीस कोणी दाखवीत नाहीं. तिला तें पाहावयाचें असेल तर फार लांब जावें लागणार नव्हतें. आजी शेजारीच बसलेली होती, आणि आम्हीं मुद्दाम पाहिलें, आजीबाईंचे ओंठ त्या रेघेच्या पुष्कळ मागें होते. “माझी पाहा” म्हणतांना त्यांच्या डोळ्यांपुढें स्वतःचें चाळीस वर्षांपूर्वींचें तोंड असावें.

आमच्या स्नेह्यांनीं पुढें दुसऱ्या एका डॉक्टरांस दाखविलें. त्यांनीं मुलीस स्वस्थ बसवून ओंठ सहज मिटतात कीं नाहीं तें पाहिलें, खालच्या दांतांत किती जागा उणी आहे ती मोजली, आणि कांहीं दांतांच्या कडा किंचित् घासून खालची रांग सरळ होईल असें सांगितलें. ओंठांबद्दल त्यांनीं आपण होऊन कांहींच काढलें नाहीं. तेव्हां मुलीनेंच विचारलें, “आणि ओंठ ?” डॉक्टर म्हणाले, “तुला काय वाटतें ?” तिला उत्तर देतां आलें नाहीं. दांत सरळ झाल्यावर पुन्हां विचार करीन, असें ती म्हणाली. तिनें वीस-एकविसाव्या वर्षीं ते मागें घ्यावयाचेंच ठरविलें तर आम्ही तिला नको म्हणणार नाहीं. आजी म्हणतील, आणि त्या दोघींचें काय होईल तें त्या पाहून घेतील.